तेरणीच्या घाटावरचे सात घडे

पायऱ्यांवरून जपून उतरा, शेवाळ आहे. हा समोरचा तेरणी नदीवरचा पहिला घाट, देवीचा. नदी आमठाण शहराच्या मधून जाते आणि जुन्या जकात नाक्यापाशी बाहेर पडते. तेवढ्या वाटेत सात घाट आहेत. प्रत्येक घाटाच्या शेवटच्या पायरीवर दगडात कोरलेला एक गोल खळगा दिसेल. बाहेरगावचे लोक त्याला देवीचे पाऊल समजतात आणि फुले वाहतात. ते पाऊल नव्हे, ती घडा ठेवायची जागा आहे. मार्गशीर्ष लागला की सात दिवस तिथे सात घडे बसतात. मी काशिनाथ लाडके, सातव्या घाटावरच्या भोई आळीतला. ही रीत कशी पडली ते आमच्या आळीत जसे सांगतात तसे सांगतो. बसा, पायरी कोरडी आहे.

फार जुनी गोष्ट आहे. आमठाणला तेव्हा नुकते शहराचे रूप येत होते. वरून त्र्यंबकराव नावाचे कमाविसदार नेमून आले होते, म्हणजे या भागाचा सगळा कारभार त्यांच्या हाती. त्यांची कचेरी तिसऱ्या घाटावर होती, मागे राहते घर आणि चाळीस घोड्यांचा तबेला. चौथ्या घाटावर बाजार भरे, पाचव्यावर रंगाऱ्यांची वस्ती होती, सहाव्यावर धोबी. सगळ्यांच्या शेवटी आम्ही भोई. वरून जे येईल तेच आमच्या घागरीत.

एका वर्षी पाऊस लवकर आटोपला. कार्तिकातच नदी आकसली आणि खालच्या आळ्यांत हगवण सुरू झाली. घरटी एक माणूस अंथरुणाला खिळले. लहान मुले तर दोन दिवसांत सुकून जात. लोकांनी देवीची ओटी भरली, खणनारळ नदीत सोडले, पण आजार हटेना. मग कुणीतरी बोट दाखवले ते रंगाऱ्यांकडे. त्यांच्या घाटाखाली पाणी निळे आणि मंजिष्ठेचे तांबडे होऊन वाहत असे, ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसे. चौथ्या दिवशी बाजारात सभा भरली आणि ठरले की रंगाऱ्यांनी पौर्णिमेच्या आत शहर सोडावे. त्र्यंबकरावांनी हुकूम लिहायला घेतला. रंगाऱ्यांचा म्होरक्या सटवाजी म्हणे सभेतून तडक उठला. घरी जाऊन त्याने रंगाची पिंपे उपडी केली आणि बायकोला सामान बांधायला सांगितले. तीन पिढ्यांचे घर होते ते.

आमच्या आळीत येसाई नावाची एक विधवा होती. ती नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगडाखालचे खेकडे आणि झिंगे धरायची. त्या आजारात तिची चार वर्षांची नात गेली होती. तिने रंगाऱ्यांना शिव्याशाप दिले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण येसाईचे हात आयुष्यभर नदीच्या दगडाखाली गेलेले होते. कुठल्या घाटावर दगडाखाली काय राहते हे तिला ठाऊक होते. शहराच्या वर दगड उचलला की काड्यांच्या घरात राहणारे किडे, चपळ झिंगे, गोगलगायी सापडत. तिसऱ्या घाटाखाली मात्र दोन वर्षांपासून नुसता काळा गाळ आणि तांबडे गांडुळासारखे किडे. आणि तिसरा घाट तर रंगाऱ्यांच्या पुष्कळ वर होता.

नातीचा दहावा झाला त्या दिवशी येसाई कचेरीत गेली. शिपाई आत सोडेना, तेव्हा ती ओसरीखाली बसून राहिली. दुपारी त्र्यंबकराव बाहेर आले. तिने हात जोडले आणि सांगितले, "रावसाहेब, रंग दिसतो म्हणून रंगाऱ्याला धरलंत. जे दिसत नाही ते वरून येतंय."

त्र्यंबकरावांनी विचारले, वरून म्हणजे कुठून. येसाईने नाव घेतले नाही. मी सांगून कुणाला पटायचे नाही, म्हणाली, नदीलाच विचारू. सात दिवसांची मुदत तिने मागितली. त्र्यंबकराव माणूस कडक होते, पण वाईट नव्हते, असे सांगतात. सात दिवसांनी काही बिघडत नव्हते. त्यांनी हो म्हटले.

येसाईने कुंभाराकडून सात कोरे घडे आणले. शहराच्या वरच्या डोहातून बोटाएवढे सात मासे धरले, सगळे सारखे, सगळे तजेलदार. प्रत्येक घाटावर एक घडा आणि त्यात एक मासा. रोज सकाळी जुने पाणी ओतून त्याच घाटाचे ताजे पाणी भरायचे. घडे भरायला लोक येसाईलाच सांगू लागले, तेव्हा तिने मान हलवली. "माझा हात लागला तर उद्या म्हणाल, भोईणीनं करणी केली. ज्याचा घाट त्यानं आपल्या हातानं भरावा."

तसेच झाले. बाजारघाटाचा घडा वाण्यांच्या घरून भरला जाई, धोबीघाटाचा धोबी भरत. सटवाजीनेही बांधलेले सामान तसेच ठेवून आपला घडा भरला. प्रश्न कचेरीच्या घाटाचा होता. त्र्यंबकरावांनी गड्याला पाठवले, तर त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या की घाट आपला आहे, गड्याचा नाही. मोठ्या घरची बाई पदर खोचून नदीवर उतरते म्हणून पहिल्या दिवशी बघायला गर्दी झाली म्हणे. दुसऱ्या दिवशी ती निम्मी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या घड्याकडे बघू लागले.

सातव्या घाटावरचा मासा पहिल्याच संध्याकाळी उलटा झाला. सहाव्याचा आणि पाचव्याचा दुसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, बघा, रंगारीच. पण तिसऱ्या दिवशी चौथ्या घाटावरचा मासाही मेला. बाजार तर रंगाऱ्यांच्या वर. पाणी काही उलटे चढत नाही. आता सगळ्या शहराचे डोळे कचेरीच्या घड्यावर लागले.

अन्नपूर्णाबाई रोज पाणी बदलताना त्या माशाला न्याहाळत. त्याच्या शेपटीचा एक कोपरा फाटलेला होता. चौथ्या दिवशी दुपारपासून तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता आणि संध्याकाळी निपचित झाला. त्यांनी तो पाहिला आणि त्या कुणाला न सांगता घरात आल्या. सकाळी नवऱ्याला सांगावे, असा त्यांचा विचार होता. पण कचेरीच्या एका कारकुनानेही तो पाहिला होता. साहेबांची अब्रू जाईल म्हणून त्याने पहाटे घड्यात दुसरा मासा सोडला.

पाचव्या दिवशी सकाळी घाटावर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. त्र्यंबकराव स्वतः आले होते. कारकुनाने घड्यात वाकून पाहिले आणि मोठ्याने सांगितले की कचेरीघाटावरचा मासा जिवंत आहे. म्हणजे घाण बाजारापासून सुरू होते. गर्दीत कुजबूज झाली. येसाई अन्नपूर्णाबाईंकडे पाहत होती.

अन्नपूर्णाबाई पुढे आल्या. त्यांनी घड्यात ओंजळ घालून मासा वर घेतला आणि नवऱ्याला दाखवला. "हा आपला मासा नव्हे. आपला काल संध्याकाळी मेला."

एवढ्या माणसांत कमाविसदाराच्या बायकोने असे बोलावे हे आमठाणने कधी पाहिले नव्हते. मग त्र्यंबकरावांनी जोडे काढले, धोतर वर खोचले आणि पाण्यातून काठाकाठाने वर, दुसऱ्या घाटाकडे चालू लागले; तिथला मासा अजून जिवंत होता. मागून लोक निघाले. घाटापासून पन्नास पावलांवर बोरूच्या दाट झाडीआड एक मोरी नदीत उघडत होती. तबेल्यातली घाण, घरचे शौचकूप, सगळे त्यातून येत होते. मोरी त्यांच्याच हुकमाने बांधलेली होती, पण ती कुठे जाऊन मिळते हे पाहायला ते एकदाही आले नव्हते. गुडघाभर काळ्या चिखलात ते उभे राहिले, आणि तिथला वास त्यांना आला.

तिथूनच त्यांनी कुदळ मागवली. पहिला घाव त्यांनी स्वतः घातला, असे आमच्याकडे सांगतात. कचेरीच्या कागदांत काय लिहिले आहे मला माहीत नाही. मोरी नदीपासून तोडून मागच्या परसात वळवली, तिथे तीन खड्डे खणले आणि भोवती कर्दळ आणि केळी लावल्या. रंगाऱ्यांवरचा हुकूम फाडला गेला. पण सटवाजी दुसऱ्या दिवशी आपण होऊन कचेरीत आला. वरची घाण आमची नाही, पण सहाव्या घाटावरचा मासा दुसऱ्याच दिवशी का मेला ते मला कळते, म्हणाला. त्याने वस्तीमागे रंगाचे पाणी मुरवायची डबकी खणली. बाजाराने उकिरडा हलवला, धोब्यांनी वेगळी कुंडी बांधली.

पहिला आणि दुसरा मासा सातव्या दिवशीही जिवंत होते. येसाईने ते डोहात नेऊन सोडले. परत आल्यावर तिने आळीतल्या सगळ्यांसमोर पाणी हातावर घेतले आणि बोलली की सातव्या घड्यातला मासा सात दिवस जगेल तोवर मी शहरात जाळे टाकणार नाही आणि दगडाखाली हात घालणार नाही. भोयाने असे बोलणे म्हणजे चूल विझवणे. शेजाऱ्यांनी समजावले. दरवर्षी मार्गशीर्षात घडे ठेवू, वरची माणसे सुधारतील, तू कशाला उपाशी मरतेस. ती म्हणाली, "नदी आजारी असताना तिच्या ताटातलं कसं खायचं?" तिच्यामागे एकेक करून सगळ्या आळीने जाळी गुंडाळली. पुरुष ओझी वाहू लागले, बायका दळणकांडण करू लागल्या. येसाई लाकडाच्या मोळ्या विकायची.

नदी एका वर्षात बरी झाली नाही. तिसऱ्या वर्षी चौथा घडा उतरला, म्हणजे मासा सात दिवस जगला. पाचव्या वर्षी पुराने खड्डे फुटले आणि पुन्हा तिसऱ्या घड्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हा आळीतली चार घरे कंटाळून गाव सोडून गेली. सातव्या वर्षी पाचवा घडा, आठव्या वर्षी सहावा. तोवर येसाईचे डोळे गेले होते. नवव्या वर्षी सातव्या दिवशी सकाळी तिला धरून घाटावर आणले. अन्नपूर्णाबाईही आल्या होत्या, त्यांचेही केस पांढरे झाले होते. कुणीतरी येसाईला सांगायला लागले, तर तिने हाताने थांबवले. पायरीवर बसून तिने घड्यात बोटे बुडवली आणि वाट पाहत राहिली. मासा आला आणि तिच्या बोटाच्या टोकाला चावू लागला, इतके हलके की तिलाच कळावे. सोडताना मासा तीनदा वळून तिच्या हाताशी आला असे म्हणतात. माझे वडील म्हणायचे, वळला की नाही कुणी पाहिले, पण त्या संध्याकाळी आळीत नऊ वर्षांनी जाळी भिजली, ते मात्र खरे.

आजही मार्गशीर्षात सात घडे बसतात. आता मासे ठेवत नाहीत, शाळेतल्या बाई आणि पोरे बाटल्या घेऊन येतात, पाण्यात थेंब टाकून रंग बघतात, दगड उचलून खालचे जीव मोजतात आणि दगड होता तसा ठेवून देतात. नियम मात्र तोच, ज्याचा घाट त्याचा हात. पालिकेचे साहेब आले तरी त्यांना पायरी उतरून स्वतः घडा भरावा लागतो. निकाल फळ्यावर लिहितात, कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही, वरच्या घाटापासून वाचत यायचे की कुठून बिघडले ते कळते. नदी पुन्हा बिघडली तेव्हा आमच्या आळीने पुन्हा जाळी गुंडाळली, त्याला अकरा वर्षे झाली. मी रिक्षा चालवतो, माझा धाकटा भाऊ मंडईत हमाली करतो. गेल्या वर्षी सहावा घडा उतरला, म्हणजे तिथवरचे पाणी सातही दिवस चांगले निघाले. सातवा राहिला आहे.