महाराजांचा तानपुरा आणि हट्टी अडॅप्टर

राजा गजेंद्रपाल रियाजाला बसले की त्यांच्याआधी अडॅप्टरच गायला लागायचा! इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा तो काळा डबा एकसारखा घूंऽऽ करायचा आणि महाराजांचं डोकं फिरायचं. नवा आणायची सोय नव्हती, कारण तो आईसाहेबांनी दिलेला. बदलायचा नाही, उघडायचा नाही आणि तानपुरा तर वाजलाच पाहिजे, असा हुकूम सुटला. प्रधानजींनी प्लग दुसऱ्या दालनात लावून पाहिला, पुरोहितांनी दृष्ट काढली. घूं काही थांबेना. शेवटी सगळा राग निघाला तानपुरा लावणाऱ्या रखमाजीवर. उद्या आवाज आला तर चाकरी गेली!

बापाचा उतरलेला चेहरा बघून रखमाजीची लेक सगुणा स्वतः डब्यापाशी जाऊन बसली. हात लावला, गरम नव्हता. करपल्याचा वासही नव्हता. म्हणजे दुखणं काही नाही, नुसता बडबड्या दिसतोय, असं तिला वाटलं. मग तीही त्याच्याबरोबर गुणगुणू लागली, आणि गालात हसली.

सकाळी महाराज केशरी दूध घेत होते, तेवढ्यात तिने तानपुऱ्याचं बटण हळूहळू फिरवत सूर खाली आणला. घूं कुठली आणि तानपुरा कुठला, हे कळेनासं झाल्यावरच थांबली. महाराज गायला बसले. घूं नाही! एरवी वरच्या षड्जाला महाराजांना नेमका खोकला यायचा आणि दरबार घाईघाईने वाहवा म्हणायचा. आज षड्ज असा लागला, की लोक वाहवा म्हणायचंच विसरले.

"डबा उघडलास?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज. बदललाही नाही. कान लावून बघा, अजून गुणगुणतोय."

महाराजांनी वाकून कान लावला. खरंच की!

"इथे सगळे महाराजांच्या सुरात गातात," सगुणा म्हणाली. "हा एकटाच आपला सूर सोडेना. मग मी तानपुराच त्याच्या सुराला मिळवला. आता तो भांडत नाही, साथ करतोय."

"म्हणजे आमच्या आजोबांपासून चालत आलेली काळी दोनची पट्टी तू बदललीस?"

सगुणाने हात जोडले. "डबा बदलायचा नाही, एवढाच हुकूम होता. पट्टीचं कोणी काही बोललं नव्हतं. आणि महाराज, आज खोकला आला नाही."

महाराज असे खदखदून हसले, की डोळ्यांत पाणी आलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं, रखमाजीची चाकरी कायम केली आणि म्हणाले, "पोरी, उद्यापासून तू इथेच बसायचं. मला खोकला आला की पट्टी खाली करायची!"