वेणूच्या परसातलं फळ

ऐक गं परसातल्या आई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. तिथं राजा होता, त्याला आवडती होती, नावडती होती. आपल्याला त्यांच्याशी काम नाही. नगराची वेस ओलांडली की खाडी लागे. खाडीच्या काठाला नारळी-पोफळींची एक वाडी होती. वाडीच्या टोकाला एक घर होतं. त्या घरात वेणू नावाची बाई एकटी राही. तिची ही कहाणी. अक्षता हातात घ्या, आपसातलं बोलणं थांबवा आणि ऐका.

वेणूचा नवरा तांडेल होता. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, मग त्यानं गलबत भरलं. जाताना बायकोच्या हातावर एक काळी बी ठेवली. म्हणाला, "दूरच्या बंदरात एकानं दिली. फळ गोड असतं म्हणे. मी काही खाल्लेलं नाही." वेणू म्हणाली, "परत कधी येणार?" तो म्हणाला, "पावसाच्या आधी येतो." मग तो गेला. पाऊस आला, तो आला नाही. दुसरा पाऊस आला, तो आला नाही. तिसरा पाऊस आला, तो आला नाही. गलबत बुडालं म्हणावं, तर एक फळी काठाला लागली नाही. कुठं राहिला म्हणावं, तर एक निरोप आला नाही. वेणू रोज संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी जाई, बघे, आणि दिवेलागण झाली की घरी येई. भात दोघांचा टाकी. एकटीचा किती टाकावा हे तिच्या हाताला कळेना, आणि रोज तो उरे.

मग श्रावण आला. मंगळागौरी आल्या, हळदीकुंकवं आली, घरोघर बोलावणी निघाली. बोलावणारी वेणूच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी येई, थांबे आणि पुढं जाई. सवाष्ण म्हणून बोलवावं, तर हिचा नवरा आहे असं कुणी पाहिलंय? नाही म्हणावं, तर तो गेला असं कुणी सांगितलंय? कुंकू लावलं आणि तो नसला तर पाप. न लावलं आणि तो असला तर त्याहून मोठं पाप. मग बायकांनी सोपी वाट काढली. तिच्याकडं जायचंच नाही. वाईट कुणी नव्हतं हो त्यात. सगळ्या देवभीरू होत्या, नाकासमोर चालणाऱ्या होत्या. विहिरीवर भेटल्या तर पोहऱ्याकडं बघत.

इकडं काय झालं? वेणूनं ती बी न्हाणीच्या पाण्यावर लावली होती. बी रुजली, रोप झालं, रोपाचं झाड झालं. पानं चकचकीत, फूल जाडजूड, पिवळट, वास घ्यावा तर फारसा नाही. मग एक फळ धरलं. हिरवंगार, वाकडंतिकडं, एका कुशीला फुगलेलं, अंगभर मऊ काटे. कुंपणापलीकडून जाणाऱ्या बायका वाकून बघत. एक म्हणे, "फणस म्हणावा, तर फणस नाही." दुसरी म्हणे, "रामफळ म्हणावं, तर रामफळ नाही." तिसरी म्हणे, "उपासाला चालतं का पण?" कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिघी म्हणत, "नकोच बाई," आणि वाटेला लागत.

वेणूला तरी कुठं ठाऊक होतं? पहिलं फळ तिनं आंब्यासारखं काढलं, गवताची आढी घातली, वर गोणपाट टाकलं. आठवड्यानं उघडलं तर काळा दगड. तो उकिरड्यावर गेला. मग दुसरं फळ धरलं. ते तिनं फणसाच्या कुयरीसारखं कोवळंच चिरलं, ओलं खोबरं घालून भाजी केली. घास तोंडात घेतला तो कापूस चावल्यासारखा, वर आंबट. भाजी गाईनं हुंगली आणि तोंड फिरवलं. मग तिसरं धरलं. वेणू म्हणाली, "याला मी हातच लावत नाही. व्हायचं ते होऊ दे." ते झाडावर राहिलं, मोठं झालं, आणि एक दिवस आपणहून खाली पडून फुटलं.

सकाळी वेणू परसात आली, तर जमिनीवर पांढरा गर पसरलेला, मुंग्यांची रांग लागलेली, आणि परसभर वास. असा वास तिनं कधी घेतला नव्हता. एका कडेला माती लागली नव्हती, तिथला गर तिनं बोटानं उचलला, जिभेवर ठेवला. आधी आंबट लागला, डोळे मिटले. मग गोड लागला. मग दोन्ही एकदम लागलं, आणि तिला हसू आलं. हसत हसत ती मागं वळली, "अगं बघ गं" असं म्हणायला. मागं न्हाणीची भिंत होती. दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा वेणू जी रडली, तशी नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

मग तिला राग आला. घरात गेली, कोयता आणला, झाडाच्या बुंध्याशी उभी राहिली. म्हणाली, "गोड आहेस तर कळू देत नाहीस. कळलंस तर सांगायला माणूस नाही. तुझा मला उपयोग काय?" इतक्यात बेड्यापाशी एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, पायात काही नाही. म्हणाली, "मुली, तांब्याभर पाणी दे." वेणूनं कोयता ठेवला, पाणी दिलं, गूळ दिला. म्हातारी पायरीवर टेकली. म्हणाली, "झाड कशाला तोडतेस?" वेणू म्हणाली, "आजी, हे फळ कसलं आहे? हे पिकतं कधी, खातात कसं, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

ती म्हातारी म्हणजे गौर होती, हे तुम्ही ओळखलंत. पण गौर काय म्हणाली ते ऐका. गौर म्हणाली, "मला नाही ठाऊक, बाई. मला हे कुणी वाहिलंच नाही. केळी वाहिली, पेरू वाहिला, कवठ वाहिलं. हे कुणी दाखवलं नाही, तर मी खाणार कुठून?" वेणू म्हणाली, "मग मी कुणाला विचारू?" गौर म्हणाली, "फळालाच विचार. तुला एक वसा सांगते. आधी घेशील, मग कंटाळशील, अर्ध्यावर टाकशील." वेणू म्हणाली, "घेते, टाकत नाही." तेव्हा गौर म्हणाली, "रोज सकाळी न्हाऊन यावं, फळावर हात ठेवावा. दाबू नये, खरवडू नये. कडक लागलं तर 'बरं, राहा' म्हणावं आणि परतावं. मऊ लागलं त्या दिवशी उतरवावं. त्या दिवशी दार लावू नये. पहिला गर देवाला, दुसरा दुसऱ्या माणसाला, तिसरा आपल्याला." वेणू म्हणाली, "दुसरं माणूस आलंच नाही तर?" गौर म्हणाली, "तर गाईला घाल, आणि पुढल्या फळावर हात ठेव." इतकं बोलून म्हातारी उठली. बेड्यापर्यंत दिसली, पुढं दिसली नाही.

मग पुन्हा श्रावण आला. झाडाला तीन फळं धरली. वेणू रोज न्हाई, परसात जाई, फळावर हात ठेवी. कडक लागे. "बरं, राहा," म्हणे. असे पुष्कळ दिवस गेले. पण तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. दिवसाकाठी तिच्या तोंडून कुणाशी शब्द निघत नसे, तो आता एक निघू लागला. भले झाडाशी का होईना.

एका मंगळवारी पहिलं फळ मऊ लागलं. काटे एकमेकांपासून लांब झाले होते, हिरव्यावर पिवळट झाक आली होती. तिनं उतरवलं, सोललं, काळ्या बिया वेचून टाकल्या, पहिला गर देवापुढं ठेवला आणि दार उघडं ठेवून बसली. दुपार झाली, कुणी आलं नाही. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. त्या फळाचा गुण असा, की पिकलं की एकदम पिकतं, आणि दुसऱ्या दिवशी राहत नाही. आणि आकार केवढा, चार माणसांना पुरेल एवढा. वेणूनं आपल्यापुरतं खाल्लं. देठाकडं आंबट, शेंड्याकडं गोड, मध्ये दोन्ही, हे तिला कळलं. बाकीचं गाईला घातलं. मग दुसरं फळ पिकलं. तेव्हाही दार उघडं, तेव्हाही कुणी आलं नाही. तेही गाईनं खाल्लं. गाय आता चवीनं खाऊ लागली होती.

मग तिसरं मऊ लागलं. त्या दिवशी खोतांच्या घरी मंगळागौरीचं हळदीकुंकू होतं. सगळी वाडी तिकडं. वेणू उघड्या दारात बसली. पहिली घटका गेली, दुसरी गेली. मग तिनं मनाशी म्हटलं, "आजीनं दार लावू नको म्हटलं. दारात बस असं कुठं म्हटलं?" तिनं लुगडं बदललं, फळाच्या फोडी ताटात ठेवल्या, वर केळीचं पान झाकलं आणि वाट धरली. वाटेत तिघीजणी भेटल्या, तिघींनी पदर सावरला आणि बाजूला झाल्या.

खोतांच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, फुगडीला रंग चढला होता. वेणू पायरीवर आली आणि फुगडी थांबली. खोतीण म्हणजे वाडीतली थोर बाई, तिनं घेतलं तर सगळ्यांनी घ्यायचं, तिनं टाकलं तर सगळ्यांनी टाकायचं. ती उभी राहिली. म्हणाली, "वेणू, तुला बोलावणं केलं होतं का कुणी?" वेणू म्हणाली, "नाही, काकू. फळ आज पिकलंय. उद्या राहायचं नाही. म्हणून आले."

तिनं केळीचं पान उचललं. वास ओटीभर पसरला. एक म्हणाली, "हेच ते काटेरी." दुसरी म्हणाली, "उपासाला चालतं का?" भटीणबाई कोपऱ्यात होत्या, सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "पोथीत ह्याचं नाव नाही. चालतं असंही नाही, चालत नाही असंही नाही." मग जे सगळ्यांच्या मनात होतं ते खोतीण बोलली. म्हणाली, "फळाचं राहू दे. तुझ्या हातचं चालतं का, तेच आम्हाला कळत नाही. इतकी वर्षं आम्ही तुझ्याकडं आलो नाही, त्याला कारण तेवढंच. राग नाही, द्वेष नाही. ठाऊक नाही."

वेणूनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मलाही ठाऊक नाही, काकू. रोज सकाळी करंडा उघडते, कुंकवात बोट बुडवते, आणि बोट तिथंच राहतं. लावू की नको, हे मला कोण सांगणार? तुम्हाला ठाऊक नाही, तर तुम्हाला घरी बसता येतं. मला ठाऊक नाही, तर मी कुठं जाऊ?"

आतल्या गौरीपुढची समई फुरफुरली. मग खोतीण खाली बसली. तिनं एक फोड उचलली, तोंडात घातली. आंबट लागलं, नाक मुरडलं. बायका तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं बी काढून हातात घेतली, दुसरी फोड उचलली, मग तिसरी उचलली. म्हणाली, "बसा गं, घ्या. हिच्या हातचं चालतं." मग भटीणबाईंनी घेतलं, सासुरवाशिणींनी घेतलं, पोरींनी बोटं चाटली. ताट रिकामं झालं. वेणूच्या वाट्याला देठाकडचा आंबट गर उरला. तो तिनं चौघींच्या मध्ये बसून खाल्ला.

खोतीण म्हणाली, "आज पिकलंय, हे तुला कळलं कसं?" वेणू म्हणाली, "रोज हात ठेवून." खोतीण म्हणाली, "रोज?" वेणू म्हणाली, "रोज." खोतीण उठली, आत गेली, हळदीकुंकवाचं पंचपाळं घेऊन आली. वेणूच्या समोर उभी राहिली. सवाष्णीला कुंकू विचारून लावत नाहीत, आणि जी सवाष्ण नाही तिला विचारायचं कारण नसतं. पण खोतिणीनं विचारलं. म्हणाली, "वेणू, लावू?"

वेणूनं तिच्याकडं पाहिलं. म्हणाली, "आज लावा, काकू. उद्या परत विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोतीण वेणूच्या दारी आली. वेणू न्हाऊन बसली होती. खोतिणीनं विचारलं, "लावू?" वेणू म्हणाली, "लावा." तिसऱ्या दिवशी आली, विचारलं. वेणू म्हणाली, "आज नको. आज नुसत्या बसा." खोतीण बसली. दोघींनी पेज घेतली. चौथ्या दिवशी खोतिणीला बरं नव्हतं, तर भटीणबाई आल्या. मग कुणी ना कुणी येत राहिली.

तुम्ही आता विचाराल, तिचा नवरा आला का? इतर कहाण्यांत येतो, सोन्याची मोहर घेऊन येतो, वाजतगाजत येतो. ह्या कहाणीत मला ठाऊक नाही. माझ्या सासूनं मला सांगितली तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी वेणू खाडीच्या तोंडाशी जाई, ते काही सुटलं नाही. पण परत येई तेव्हा घरात कुणीतरी दिवा लावलेला असे.

म्हणून परसातल्या आई, वेणूला जसं माणूस पाठवलंस तसं आम्हा ऐकणारणींना पाठव. ज्यांच्याकडं आम्ही कधी गेलो नाही, त्यांच्याकडं जायची आम्हाला बुद्धी दे. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत संपली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा, आणि उठायच्या आधी एवढं सांगा, आज आपण कुणाला बोलावलं नाही?