म्हातारी वेल आणि सांधलेला रांजण

झाडं आणि भांडी एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही हकिकत. डोंगरउतारावरच्या एका मळ्यात सर्वांत जुन्या द्राक्षवेलीला त्या वर्षी जेमतेम चार टोपल्या द्राक्षं लागली. मालक रायाजी म्हणाला, "पुढच्या हंगामाआधी ही वेल तोडायची."

"आधी हिच्या रसाचं वेगळं मद्य करून बघू," त्याची बायको भागूबाई म्हणाली. रिकामा होता तो एकच, सांधलेला मातीचा रांजण. तिने तो वेलीशेजारीच गळ्यापर्यंत जमिनीत पुरला आणि त्यात रस ओतला.

रस आंबून उसळू लागला, तसा रांजणाचा सांधा कुरकुरला.

"झेपत नसेल तर सोड रे बाबा," वेल म्हणाली.

"सोडू? तुझी वर्षभराची मेहनत वाया जाईल. भोवतीच्या मातीने मला धरलंय, मी रसाला धरतो." रांजणाने नेट लावून ती उसळी सोसली.

काही महिन्यांनी भागूबाईने झाकण काढलं आणि सुगंध मळाभर पसरला. रायाजीने एक घोट घेतला. लगेच दुसरा घेतला. मग म्हणाला, "ही वेल तोडायची नाही! नवा मळा करू आणि सगळीकडे हिच्याच काड्या कापून लावू!"

"ऐकलंस का?" वेल आनंदाने ओरडली.

"ऐकलं! आता त्यांना माझ्यासारखे शंभर रांजण लागणार!"