कोंबडीचं खळं

पाहुणे, चपला इथंच काढा. देऊळ पुढं आहे, पण आमच्याकडे चपला या खळ्यापाशीच काढतात. ही गोल सारवलेली जागा, मधला काळा पडलेला दगड, त्यावर कोरलेली कोंबडी. शहरातली मंडळी तिचा फोटो काढतात आणि हसतात. हसा की, पण गोष्ट ऐकल्यावर हसा.

माझ्या आजीच्या आजीनंही ही ऐकलेलीच होती म्हणे. तेव्हा या उतारांवर हरीक पिकायचा. बारीक, भरड धान्य, त्याचाच भात करायचा. नवा हरीक आला की आधी कणाई देवीला नैवेद्य, मग त्यातला घास भगताला. भगताच्या अंगात वारं आलं की देवीनं होकार दिला, असं समजून गाव जेवायला बसे. त्याआधी नवा दाणा कुणी तोंडात घालत नसे.

त्या वर्षी ऐन कापणीत पाऊस आला आणि हटेना. कापलेले भारे शेतातच भिजले. खळ्यात आणून रचले, तर आतून तापले आणि दाण्यावर राखाडी बुरशी धरली. घरोघरच्या कणग्या रिकाम्या, पोरं कंदमुळांवर दिवस काढत होती. टाकून द्यायचं काळीज कुणाला होतं? बायकांनी थोडा हरीक चुलीवर शेकला, चोळला, पाखडला. बुरशी दिसेनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, गेली.

उघडीप पडली त्या दुपारी खळ्यात हंडे चढले. पोरं पानं मांडून बसली. हैबती भगतानं घास घेतला, आणि थोड्या वेळानं तो थरथरला, झोकांडला, खाली कोसळला. "आली! आई आली!" म्हणत गावानं हात जोडले. एवढ्या जोरात वारं आधी कधी आलं नव्हतं.

त्याची बायको भिवरा मात्र चरकली. नवऱ्याच्या अंगात यायचं ते तिनं बघितलेलं होतं. त्याची मान घुमायची, आवाज चढायचा. आज जीभ जड झाली होती आणि तोंडाला फेस आला होता. तेवढ्यात तिची नजर खळ्यात रचलेल्या भाऱ्यांच्या राशीच्या कडेला गेली. सांडलेले दाणे टिपणारी कोंबडी तशीच झोकांड्या खात होती.

भिवरा ओरडली, "आरं, कोंबडीच्या अंगात कंची आई येती? दाना बाधलाय! पोरास्नी वाढू नगा!"

"आईनं हुकूम दिलाय, भिवरे," धर्माजी पाटील म्हणाला. "तू मधी पडू नगं."

वाढपी पंगतीकडे निघाले. पंगतीत भिवराची दोन लेकरंही होती. आपलं कुणी ऐकणार नाही, ऐकतील ते देवीचंच, हे तिला कळून चुकलं. देवीचं सोंग आणलं तर वंश बुडतो, असं तेव्हा मानत. तरी तिनं केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली.

"माजा दाना आदी कोंबडीला! ती सरळ चालली तर लेकरांला! ही रास आत्ता जाळा!"

पाटलाचेच हात जोडले गेले. हंडे उपडे झाले. पण भिजलेली रास पेटेना, नुसती धुमसत राहिली. भिवराच्या पायाशी हैबती पाण्यासाठी ओठ हलवत होता. अंगात आलेल्याला कुणी शिवत नसे, गाव नुसता हात जोडून उभा होता. ती वाकू शकत नव्हती. वाकली असती तर देवी गेली असती, आणि भुकेल्या गावानं राशीला पुन्हा हात घातला असता. ती घुमत राहिली, रडत राहिली. लोकांना वाटलं, देवीच रडतेय.

राशीनं भडका घेतला तेव्हा ती खाली बसली. तोवर हैबतीचे ओठ हलायचे थांबले होते.

पुढं भिवराच्या अंगात कधी आलं नाही. म्हाताऱ्या बायका खोदून विचारत, त्या दिवशी आई खरंच आली होती का? ती म्हणे, "लेकरं वाचली न्हवं? मंग आलीच म्हनायची."

या दगडाचा काळेपणा त्या राशीचा, असं सांगतात. आजही नवा दाणा आधी कोंबडीला घालतात. ती सरळ चालत खळ्याबाहेर जाईपर्यंत कुणी बोलत नाही, पोरंसुद्धा. आणि खळ्यात कुणी थरथरत खाली पडलं, तर आमचा गाव हात जोडत नाही. आधी त्याला पाणी पाजतो.