सोललेल्या बिया

डोंगराच्या उतारावर मोहाचं एक दांडगं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी मोठी ढोली आहे आणि त्या ढोलीत खारी, उंदीर आणि ससे यांच्या पिल्लांची बालवाडी भरत असे. मुलांनो, ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो. मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नका. राग तुमच्यावर नाही.

बालवाडी चालवायची एक वानरीण. सगळे तिला वानरीणबाई म्हणत. बाई मनानं वाईट नव्हत्या, हे मी आधीच मान्य करते. पिल्लांवर त्यांचा फार जीव होता. पण त्यांची बोटं भलती चपळ होती, आणि चपळ बोटांना दुसऱ्याची धडपड बघवत नाही. एखादं पिल्लू शेंग सोलायला बसलं की बाईंचा हात शिवशिवायचा. पिल्लाकडून पहिलं साल निघतंय न निघतंय तोच शेंग बाईंच्या हातात गेलेली असायची.

एक छोटी खार त्या बालवाडीत नव्यानं आली. येताना तिनं घरून बोराची एक बी आणली होती. कोपऱ्यात बसून तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, एका बाजूनं कुरतडली, जमेना म्हणून दुसरी बाजू धरली. बी पंजातून निसटली आणि गडगडत गेली. छोटी खार तिच्या मागे धावली आणि पुन्हा कुरतडायला बसली. अंगावर चुरा, जमिनीवर चुरा, आणि पोरीला कोण आनंद झालेला!

"अगं, किती वेळ लावशील? दे बघू इकडे," बाई म्हणाल्या.

"बाई, मला करायचंय."

"मोठी झालीस की कर हं." असं म्हणून बाईंनी दगडानं बी टचकन फोडली आणि आतला गर छोट्या खारीच्या तोंडात घातला.

आता तुम्हीच सांगा, करून पाहिल्याशिवाय कोणी मोठं होतं का? पण हे विचारायची बुद्धी त्या जंगलात एकालाही झाली नाही. उलट बाईंचं कौतुक सुरू होतं. आईबाप पिल्लांना न्यायला आले की ढोली कशी लख्ख! ना टरफल, ना चुरा. पिल्लं हाताची घडी घालून ओळीनं बसलेली. प्रदर्शनाच्या दिवशी तर भिंतीवर पानाफुलांची अशी नक्षी, की पाहत राहावं. प्रत्येक नक्षीखाली एकेका पिल्लाच्या पंजाचा ठसा होता. नक्षी बाईंनी केली होती आणि ठसाही बाईंनीच पंजा धरून उमटवला होता. पिल्लांनी काय केलं? पंजा पुढे केला!

"काय वळण लावलंय बाईंनी! आमचं बाळ घरी येतं ते कसं कोरं करकरीत," पांढरीशुभ्र सशीण मान वेळावत म्हणाली.

"आमचीही हल्ली अजिबात पसारा करत नाही," छोट्या खारीची आई म्हणाली. आणि तिला याचा अभिमान वाटत होता! घरी लेकीपुढे बी ठेवली तर लेक तिला हातसुद्धा लावत नसे. नुसती आईच्या पंजांकडे बघत बसे. आईला वाटलं, पोर शहाणी झाली. अरे, शहाणी कसली? पोर विझत चालली होती, आणि आई टाळ्या वाजवत होती!

मग छोटी खार खाईनाशी झाली. आधी ती सोललेला गर नुसता चघळून टाकून द्यायची, मग तो आपोआपच तोंडातून खाली पडू लागला. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेपटीचा झुपका गळाला. बाईंना काळजी वाटली. त्यांनी काय करावं? त्यांनी गर वाटला, त्यात मोहाच्या फुलांचा रस घातला आणि ते पातळ खाणं बोटानं तिला चाटवू लागल्या. "दातच नाजूक आहेत हिचे," त्या सगळ्यांना सांगत. एवढं करूनही पोर वाळतच होती.

एरवी आई लेकीला अंधारून येताना न्यायची, आणि पोर पेंगतच घरी जायची. एकदा भर दुपारी मात्र ती सहज बालवाडीत डोकावली. लेक बाईंच्या मांडीवर आडवी, तोंड वासलेलं, आणि बाई तिला भरवताहेत. वाळलेली पोर दिवसाउजेडी अशी समोर पाहून आईच्या काळजात चर्र झालं. तिनं धावत जाऊन लेकीचं तोंड नीट उघडलं. पुढचे दात इतके लांब झाले होते, की ओठ मिटत नव्हते. खालचे दात वरच्या हिरडीत रुतायला आले होते.

मुलांनो, खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कठीण बिया कुरतडल्या, की ते झिजतात आणि बेताचे राहतात. कुरतडायला काही मिळालं नाही तर ते वाढत वाढत खाणंच बंद करून टाकतात. उंदरांचं तसंच आणि सशांचंही तसंच. वानरांचे दात असे वाढत नाहीत, म्हणून बाईंना हे माहीत नव्हतं. पण ज्यांच्या जातीचं पिल्लू वाढवायचं त्यांना काय लागतं, हे कोणाला विचारायला नको?

आईचा संताप उसळला. "बाई, हे काय करून ठेवलंत? माझी पोर भरल्या ताटावर उपाशी मरायला टेकली!"

"अहो, मी काय वाईट केलं?" बाईंचे डोळे भरून आले. "पोटच्या पोरीसारखं भरवलं तिला. एका बीपायी ती अर्धी सकाळ घालवते. बाकीची पिल्लं खोळंबतात, ढोलीभर कचरा होतो. आणि स्वच्छ पिल्लू तुम्हालाच हवं होतं ना?"

आईनं लेकीला उचलून कुशीत घेतलं. मग म्हणाली, "हवं होतं. अक्कल गहाण पडली होती माझी. पण तिला रोज करायचं होतं बाई, आणि तुम्ही रोज तिच्या पंजातून काढून घेत होतात. त्याला माया म्हणू नका. उरकणं म्हणा!"

बाईंना हे फार लागलं. लागायलाच हवं होतं. त्यांनी हातातलं पातळ खाणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता काय करू ते सांगा."

"काही करू नका," आई म्हणाली. "हिच्याजवळ बसा. एवढंच करा."

आईनं आधी शेवरीची मऊ काडी आणली. नशीब थोर म्हणून वरचे-खालचे दात अजून एकमेकांना घासत होते, म्हणजे कुरतडलं की झिजणार होते. पण छोट्या खारीनं काडीला तोंड लावलं आणि ती रडू लागली. "मला नाही येत. बाई, तुम्हीच द्या ना." ज्या पोरीनं 'मला करायचंय' म्हणत इथं पाऊल टाकलं होतं, तिला बालवाडीनं हे शिकवलं होतं! बाईंचे हात नकळत पुढे झाले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि चक्क स्वतःच्या हातांवर बसल्या. "रड हवं तर," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे. उद्या पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी काडीवर दातांची एक बारीक खूण उमटली. मग काडी तुटली. शेवरीनंतर पळसाची साल आली, मग शेंगा आल्या. काही दिवशी काहीच जमायचं नाही. बाईंची पाठ दुखून यायची, कारण हातांवर बसून राहण्याइतकं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण छोटी खार पुन्हा खाऊ लागली आणि दात हळूहळू बेताचे झाले. शेवटी एका सकाळी तिनं बोराची बी घेतली, घामाघूम होईस्तोवर कुरतडली आणि फोडली. गर चुरगाळलेला होता, थोडा मातीतही पडला. तिनं तो मातीतला तुकडासुद्धा सोडला नाही.

एव्हाना सगळीच पिल्लं आपापलं सोलू लागली होती. फक्त सशिणीचं बाळ त्यात नव्हतं. 'आमच्या बाळाचं अंग मळायला नको' असं बजावून सशीण त्याला रोज घरूनच कोवळ्या पाल्याचा गोळा बांधून देत असे. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी त्याला न्यायला ती स्वतः आली आणि टरफलांच्या ढिगाशी थबकली.

"शी! ही काय घाण मांडलीय? बाई, तुमचं लक्ष असतं कुठे? पूर्वी किती छान होतं इथं!"

पूर्वीच्या बाई असत्या तर पटकन झाडू घेऊन धावल्या असत्या. या बाई जागच्या हलल्या नाहीत.

"टरफलं संध्याकाळी पिल्लंच गोळा करतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा पाय जपून टाका. आणि आत आल्यावर आपल्या बाळाचं तोंड एकदा उघडून बघा. गेले काही दिवस मी तुम्हाला निरोप धाडतेय, तुम्ही ऐकत नाही."

"आमचं बाळ छान आहे," सशीण तोऱ्यात म्हणाली. तिनं समोर आलेल्या बाळाची हनुवटी धरली, ओठ वर केला, आणि ती मटकन त्या टरफलांतच खाली बसली.

तात्पर्य : हे तात्पर्य मुलांसाठी नाही, मुलांनी ते घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवावं. लहानग्यांना जे करून पाहायचं आहे ते त्यांच्या हातातून हिसकावून स्वतः उरकणं ही मदत नाही, तो त्यांच्या वाढीवर घाला आहे. पसारा होऊ द्या, वेळ लागू द्या, जवळ बसा, आणि आपले हात आवरा.