ढीग भरेपर्यंत

त्या खोऱ्यात भीतीलाही हंगाम होता. पावसाळा सरून ऊन पिवळं पडू लागलं, की उत्तरेकडून शिकारी पक्षी यायचे आणि डोंगराच्या धारेवरून दक्षिणेला निघून जायचे. टोकदार पंखांचे ससाणे, पिसांची बोटं पसरलेले गरुड, सगळे लांब पल्ल्याचे प्रवासी. खोऱ्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण भुकेला प्रवासी वाटेत काय उचलेल याचा नेम नाही, म्हणून ते जाईपर्यंत खोऱ्यातली लहानसहान प्रजा झुडपांखाली दडून बसायची.

किती दिवस दडायचं, याचा कायदा होता. धारेवर एक मोजणीदार नेमलेला असे. त्यानं वर शिकारी पाहायचा, खाली प्रजेनं जमिनीवरून सरकणारी सावली पाहून "दिसली" म्हणून पुकारा करायचा. दोन्ही जुळलं की मोजणीदार ढिगात एक खडा टाकी. मान वर करण्याचा हक्क एकट्या मोजणीदाराला. इतरांनी वर पाहणं म्हणजे चारचौघांत जांभई देण्यासारखं समजलं जाई. आजवरच्या सर्वांत उंच ढिगाएवढा ढीग झाला, की शिकारी संपले असं जाहीर होई आणि मग सगळे शेतात पिकलेल्या साव्याच्या दाण्यांवर तुटून पडत.

सर्वांत उंच ढीग काळोबा तित्तिराच्या काळातला. काळोबा फार उत्साही मोजणीदार होता. डोंगरावरच्या गरम हवेत शिकारी पक्षी घिरट्या घेत उंच चढतात आणि मग पंख स्थिर धरून पुढे निघतात. काळोबा त्यांची प्रत्येक घिरटी मोजायचा. एकच गरुड दुपारभर फिरला, तर काळोबाच्या लेखी दुपारभर गरुडांची रीघ लागलेली असे. त्या साली ढीग पाहता पाहता वर गेला, सगळे लवकर सुटले आणि खोऱ्यानं काळोबाला डोक्यावर घेतलं. पुढे तो वारला, पण त्याचा ढीग धारेवर तसाच राहिला.

यंदा त्याच्या जागी मोजणीला भुरकी नावाची लावरी आली होती. डोळ्यांनी तीक्ष्ण आणि स्वभावानं सुतासारखी सरळ. पक्षी घिरट्या आटोपून वाटेला लागल्याशिवाय ती खड्याला चोच लावत नसे. त्यामुळे तिची मोजणी चोख झाली आणि ढीग काळोबाच्या ढिगाच्या कमरेलाही लागला नाही. तोवर आकाश रिकामं झालं होतं. धारेवर नुसता वारा वाहत होता.

इकडे सावा गळायला लागला. मुंग्यांना सावलीचा कायदा लागू नव्हता. त्या दाणा उचलून खुशाल बिळात नेत होत्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर खोऱ्याला नुसतं बिनदाण्याचं पिंजर उरलं असतं. करवंदीच्या जाळीखाली भुरकीची पिल्लं वाळकी पानं उलटीपालटी करत होती. त्यांचे गळे दाण्यावाचून चपटे पडले होते, आणि ते पाहून भुरकीचा जीव तुटत होता.

शेवटी ती तुरेरावांकडे गेली. तुरेराव हे रानकोंबडे, खोऱ्याचे कारभारी. आकाश रिकामं आहे, काळोबा घिरट्या मोजत होते, असं तिनं भीतभीत सांगितलं. काळोबाचं नाव निघताच तुरेरावांचा तुरा थरथरला.

"भुरके, आकाश रिकामं आहे हे तुझं मत झालं," ते म्हणाले. "ढीग अपुरा आहे ही वस्तुस्थिती आहे."

शिवाय, एवढेच शिकारी आपल्यावरून गेले हे शेजारच्या खोऱ्याला कळलं, तर तिथे तोंड कसं दाखवायचं, असंही त्यांनी विचारलं. भुरकी परतली. जाळीखालून धाकट्या पिल्लानं मान काढली.

"आई, आजपण पानंच का गं?"

 भुरकी थेट धारेवर गेली, ऊन कलेपर्यंत थांबली आणि तिनं कड्यावरून अंग झोकून दिलं.

लावरीची जात धावणारी. उडायचंच झालं तर या झुडपापासून त्या झुडपापर्यंत, तेही कुरकुरत. पण कलत्या उन्हात तिची सावली उतारावर ऐसपैस पसरली आणि खालून एका सुरात पुकारा झाला, "दिसली!" भुरकी धापा टाकत धारेवर आली, खडा टाकला आणि पुन्हा उडाली. पुन्हा पुकारा, पुन्हा खडा. पहिल्या काही फेऱ्यांना तिला रडू येत होतं. नंतर हसू यायला लागलं. मग तर तिनं एक फेरी आडवी, एक तिरकी अशी हौसेनं घेतली, आणि दोन्ही ढीग बरोबरीला आले तरी वर एक खडा चढवलाच.

एवढे शिकारी आपल्या हयातीत पाहिले नाहीत, असं तुरेरावांनी जाळीखालूनच जाहीर केलं. शेवटच्याचे पंख तर फार मोठे होते, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्याला दहा जणांनी दुजोरा दिला.

मग खोऱ्यात एकच झुंबड उडाली. ससे नाचले, होले घुमले, मुंग्यांना बाजूला व्हावं लागलं. भुरकीच्या पिल्लांचे गळे टच्च फुगले, आणि तिला वाटलं, आता मेलं तरी चालेल. तुरेराव नव्या ढिगावर चढून भाषण करत होते. मधूनमधून खाली उतरून दाणाही टिपत होते.

तेवढ्यात उत्तरेकडून एक थोरला गरुड आला. वाटेत कुठेतरी मागे राहिलेला. त्याची सावली धार ओलांडून सावळ्या पाण्यासारखी शेतात उतरली आणि सशांच्या पाठींवरून, होल्यांच्या मानांवरून, तुरेरावांच्या तुऱ्यावरून सरकू लागली. भुरकीनं झटकन पिल्लांना पंखांखाली ओढलं आणि ओरडायला चोच उघडली.

"ढग आहे," तुरेराव भरल्या तोंडानं म्हणाले.

निरभ्र आकाशाखाली सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या सावलीतच पुढचा दाणा टिपला.