मधल्या मापाचा गेणू

हिवरगव्हाण गावात गेणू नावाचा एक शिंपी राहायचा. मनानं इतका भोळा की कुणी 'जरा थांब' म्हटलं तर तो थांबायचा, आणि 'चल आता' असं कुणी म्हणेपर्यंत थांबूनच राहायचा.

गेणूचे वडील नावाजलेले शिंपी. जाताना त्यांनी गेणूला एक शिलाई मशिन दिलं आणि खाकी कागदाचे फर्मे दिले. फर्मा म्हणजे कागदात कापलेलं माप. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, सगळं कागदाचं. कागद कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि कापायचं. फर्म्यांवर आकडे होते. बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. गेणूला त्यात कधी अडचण आली नाही. त्याची समजूत अशी होती की माणसं सम आकड्यांचीच असतात.

मग एक दिवस अंगणवाडीच्या विमलताई आल्या. पंजाबी ड्रेस शिवायचा होता. गेणूनं टेप लावली. छाती भरली पस्तीस. त्यानं परत मोजलं. पस्तीस. त्यानं ताईंना श्वास सोडायला सांगितलं, मग घ्यायला सांगितलं. तरी पस्तीसच.

"पस्तीसचा फर्मा नाही," गेणू म्हणाला.

"मग मी काय करू?" विमलताई म्हणाल्या.

गेणूची आत्या कासारपेठेत राहायची. दीड तास चाललं की कासारपेठ. आत्या शिवणकामाचा वर्ग चालवायची आणि तिचा हात भावासारखाच साफ होता. गेणू चालत तिच्याकडं गेला.

"मधलं माप आलंय," तो म्हणाला.

आत्या एका मुलीला काजं करायला शिकवत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय? चौतीस घे, छत्तीस घे आणि मधून काप."

गेणू घरी आला. चौतीसचा फर्मा घेतला, मधून कापला. छत्तीसचा घेतला, तोही मधून कापला. डावी बाजू चौतीसची ठेवली, उजवी छत्तीसची. व्यवस्थित ड्रेस शिवला, इस्त्री केली आणि विमलताईंच्या घरी नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी विमलताई ड्रेस घालूनच आल्या. चालताना एका अंगाला कलत होत्या.

"गेणूभाऊ, मी डावीकडं गुदमरते आणि उजवीकडून वारा येतो."

"टेप लावा," गेणू म्हणाला. स्वतःच लावली. डावीकडं साडेसतरा हवं तिथं सतरा, उजवीकडं अठरा. "एकूण पस्तीस. बरोबर आहे."

अंगणवाडीतली पोरं महिनाभर बाईंसारखी तिरकी चालत होती.

गेणू पुन्हा आत्याकडं गेला. आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, दोन रेघांच्या मधून कापायचं. फर्म्याच्या मधून कोण कापतं? बरं, तुला सोपं सांगते. पुढचं काम येईल त्यात दोन बोटं सोड. सोडलेलं असलं की मागून सैल करता येतं."

"दोन बोटं सोड," गेणू म्हणाला. वाटभर तेच म्हणत घरी आला.

पुढचं काम आलं हैबती मधवाल्याचं. हैबती झाडांवर चढून आग्यामोहोळं काढायचा. त्याला ताडपत्रीचे हातमोजे हवे होते. गेणूनं हातमोजे शिवले. टाके असे घट्ट की मुंगी शिरणार नाही. हैबती घाईत होता. त्यानं हातमोजे कमरेला खोचले आणि तडक वडाकडं गेला. वर चढल्यावर, पोळ्याच्या हातभर अंतरावर, त्यानं ते हातात चढवले.

संध्याकाळी हैबती आला. दोन्ही हातांची शेवटची दोन-दोन बोटं वांग्यांएवढी झाली होती.

"मोज्याला तीनच बोटं आहेत," हैबती म्हणाला.

"हो. दोन सोडली."

"का?"

"आत्यानं सांगितलं, दोन बोटं सोड."

"कोणती सोड म्हणून सांगितलं का?"

"नाही. मी करंगळी आणि तिच्या शेजारची सोडली. त्यांना काम कमी असतं."

हैबतीनं मोजे तिथंच टाकले. तो निघून गेला.

गेणूची बायको यमुना दारात उभी राहून हे ऐकत होती. यमुना शहाणी होती आणि नवऱ्यावर तिचा जीव होता, म्हणून तिचे दिवस कठीण जायचे. ती म्हणाली, "अहो, आत्याबाईंना नीट विचारून या. म्हणावं, काम लोकांच्या हातात देण्याआधी काय बघायचं?"

गेणू गेला. आत्याचा गुडघा त्या दिवशी दुखत होता. ती म्हणाली, "काम द्यायच्या आधी ज्याचं आहे त्याच्या अंगात घालून बघ. चारी बाजूंनी चापून बघ. कुठं सैल, कुठं घट्ट ते विचार. आणि मगच पक्की शिलाई घाल. हे विसरलास तर माझ्या दारात येऊ नकोस."

गेणू विसरला नाही.

पुढचं काम आलं निवृत्त पोस्टमास्तर मोकाशी भाऊसाहेबांचं. त्यांना गादीची खोळ शिवायची होती. खोळीची तीन अंगं शिवून झाली, तशी गेणूनं भाऊसाहेबांना बोलावून घेतलं.

"भाऊसाहेब, जरा आत या."

"आलोय की आत."

"दुकानात नव्हे. खोळीत."

भाऊसाहेबांनी सबंध आयुष्य नियमानं काढलं होतं. शिंप्याकडचाही काही नियम असेल असं त्यांना वाटलं. चष्मा काढून ते खोळीत शिरले. गेणूनं त्यांना आडवं केलं. चारी बाजूंनी चापून बघितलं.

"कुठं घट्ट होतंय का?"

"नाही," खोळीतून आवाज आला. "पायाशी जरा सैल आहे. पण बरं वाटतंय."

गेणूनं पायाशी थोडं आत घेतलं आणि चौथ्या बाजूला पक्की शिलाई घातली. मग तो जेवायला घरात गेला. खोळ मऊ होती, दुपारची वेळ होती. भाऊसाहेबांचा डोळा लागला.

तेवढ्यात कापूस भरायला पिंजारी आला. त्यानं खोळ उचलून बघितली. "भरली की ही," तो स्वतःशीच म्हणाला. "पण गठुळ्या राहिल्यात." आणि गठुळ्या मोडायला त्यानं काठीचे दोन हलके रट्टे घातले.

गादी म्हणाली, "कोण आहे तिकडं?"

पिंजारी पुन्हा हिवरगव्हाणात आला नाही.

आता यमुनेनं पदर खोचला. कारण पुढचं काम तिच्या माहेरचं होतं. तिची धाकटी बहीण रंजना, तिला बघायला आठ दिवसांनी पाहुणे येणार होते. रंजनाचा बांधा मधलाच. वर चौतीस, कमरेखाली छत्तीस. तयार ड्रेस तिला कधी बसला नाही. मागच्या वेळी पाहुणे आले तेव्हा तिनं मोठा ड्रेस टाचण्यांनी आत घेऊन घातला होता. चहाचा ट्रे देताना टाचणी सुटली आणि रंजना 'आई गं' करून ओरडली. मुलीला काहीतरी दुखणं असावं असं समजून पाहुणे चहा अर्धा टाकून उठून गेले. तेव्हापासून रंजना कुणासमोर यायला तयार नव्हती.

ती यमुनेला एवढंच म्हणाली होती, "अक्का, मला भारी कापड नको. अंगाला नीट बसणारा एक ड्रेस हवा. त्यात मला हसता यायला हवं."

यमुनेनं गेणूला समोर बसवलं. "या वेळी बिघडलं तर मशिन माळ्यावर जाईल. खाली येणार नाही."

गेणूचं मशिनवर फार प्रेम होतं. सकाळी तो त्याला तेल दिल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच कासारपेठेला गेला.

आत्यानं या वेळी वर्ग बंद ठेवला. त्याला पाटावर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "सुईला हात लावायचा नाही. आधी खडू. चौतीसवरून सुरुवात कर. रेघ ओढत ओढत हळूहळू छत्तीसवर जा. घाई केलीस तर कोपरा येतो. कोपरा आला की ड्रेस बिघडला. रेघ गोल, सलग. मध्ये हात उचलायचा नाही. समजलं?"

"समजलं," गेणू म्हणाला. आणि त्याला खरंच समजल्यासारखं वाटलं.

तो बाहेर पडला. आत्याच्या घरासमोरूनच गावाचा रस्ता जातो. तिथं किलोमीटरचा दगड आहे. दगडावर लिहिलं आहे, चौतीस.

गेणूनं खिशातून खडू काढला.

दगडापासून त्यानं रेघ सुरू केली. वाकून, हळूहळू, हात न उचलता. मागून ट्रॅक्टर आला. "बाजूला हो," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "हात उचलता येत नाही," गेणू म्हणाला. ट्रॅक्टर शेतातून गेला. पुढं रस्ता एकदम काटकोनात वळला. म्हणजे कोपरा. गेणूनं वळण गोल काढलं. ती रेघ रस्ता सोडून उसाच्या रसवंतीत शिरली, बाकावरून गेली, बाकावर बसलेल्या तलाठ्याच्या पाठीवरून गेली, आणि पलीकडं बसलेल्या म्हशीवरून उतरून पुन्हा रस्त्याला लागली. म्हशीनं काही हरकत घेतली नाही. तलाठ्यानं घेतली.

यमुना त्याला शोधत आली तेव्हा तो छत्तीसच्या दगडाला टेकून बसला होता. खडू संपला होता. तोंडावर समाधान होतं.

"ड्रेस कापला का?" यमुनेनं विचारलं.

"आता कापायचाच राहिलाय. चौतीसवरून छत्तीसवर आलो. कोपरा कुठंही येऊ दिला नाही. बघून ये."

यमुनेनं रेघेकडं बघितलं. रेघ पार लांबपर्यंत गेली होती. ती दगडावर बसली आणि आधी रडावं की हसावं हे तिला ठरवता येईना. मग तिच्या लक्षात आलं, आत्याबाईंनी काय सांगितलं असेल ते. घरी येऊन तिनं दोन्ही फर्मे एकावर एक ठेवले. वरती चौतीसची कड धरली, कमरेपासून खडू हळूच बाहेर नेत छत्तीसच्या कडेला मिळवला, आणि स्वतःच्या हातानं कापड कापलं.

"मी काय करू?" गेणूनं विचारलं.

"तुम्ही फक्त कच्चा टाका घाला. मोठा, सैल."

"तो कशाला?"

"पक्कं करायच्या आधी दोन्ही बाजू धरून ठेवायला. नाहीतर ऐन वेळी सरकतात."

हे गेणूला फार पटलं. त्यानं कच्चे टाके घातले, यमुनेनं मशिनवर शिलाई मारली. रंजनानं ड्रेस घातला. खांद्याला बसला, कमरेला बसला, खाली फिरला. तिनं हात वर करून बघितले, वाकून बघितलं, मग आरशासमोर जाऊन उगीचच हसून बघितलं.

पाहुणे आले. अकरा जण. मुलगा शशिकांत, त्याची आजी, आई-वडील, नाना नावाचे एक काका, आणि बाकीची मंडळी. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. सगळे ओळीनं बसले. रंजना चहा घेऊन आली आणि नीट देऊन आत गेली. शशिकांत दाराकडं बघत राहिला.

पण नानाकाका काही जुळू देईनात. हुंड्याचं नाव नव्हतं, पत्रिका जमत होती, तरी त्यांचं सुरूच. "बघू. विचार करू. सावकाश कळवू."

रंजनाचे वडील घामाघूम झाले. त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. "जावईबापू, मागच्यासारखं होता कामा नये. बोलणं पक्कं होईपर्यंत पाहुण्यांना धरून ठेवायला हवं. सरकू देऊ नका."

"अजिबात सरकणार नाहीत," गेणू म्हणाला.

तो आत गेला. दाभण घेतला, जाड दोरा ओवला आणि पाहुण्यांच्या पाठीमागं जाऊन बसला. बोलणं रंगलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. नानांच्या धोतरापासून त्यानं सुरुवात केली. मग सदऱ्यांची टोकं, मग साड्यांचे काठ, मग आजीचा पदर. मोठे, सैल, कच्चे टाके. प्रत्येक टाका खाली सतरंजीतून काढून आणला. शशिकांतच्या विजारीला मुलगा म्हणून दोन टाके जास्त घातले.

"बरं, मग येतो आम्ही," नाना म्हणाले आणि उठले.

नानांबरोबर सतरंजी उठली. सतरंजीबरोबर दहा माणसं अर्धी उठली आणि परत बसली. पोह्यांच्या बशा घरंगळत अंगणात गेल्या. नानांनी पुन्हा जोर केला. मंडळी पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी नानाही बसले.

रंजनाच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. आणि आतून, दाराआडून, रंजनाचं हसू फुटलं. ती आवरायला बघत होती, पण ड्रेस असा बसला होता की पोट धरून हसता येत होतं. ते ऐकून शशिकांत हसायला लागला. मग आजी. आजी इतकी हसली की तिच्या पदराबरोबर शेजारची दोन माणसंही हलायला लागली.

"नाना, बस आता गप," डोळे पुसत आजी म्हणाली. "एवढं धरून ठेवणारी माणसं आपल्याला कुठं मिळायची? आणि पोरगी किती मोकळी हसते. पंचांग आणा. बसल्या बसल्याच तारीख काढू."

यमुना टाके उसवत राहिली आणि तारीख निघाली. शेवटचा टाका आजीचा. तिनं गेणूला जवळ बोलावलं.

"पोरा, आम्हाला शिवलंस होय रे?"

"घाबरू नका, आजी," गेणू म्हणाला. "हा कच्चा टाका होता. पक्की शिलाई लग्नात घालीन."

लग्नाला वरपक्षाची दीडशे माणसं आली. मांडवात सतरंज्या होत्या, खुर्च्या होत्या. पण गेणू दाभण घेऊन फिरताना दिसला, आणि दीडशेतलं एकही माणूस खाली बसलं नाही. माणसं जेवलीसुद्धा उभ्यानं. सतरंजीवर बसावं लागलं ते फक्त नवरदेवाला, नवरीला आणि भटजींना.

दुपारी वरात निघाली. पुढं नवरदेव, त्याच्या मागं नवरी, नवरीच्या मागं फरफटत सतरंजी, आणि सतरंजीवर मांडी घातलेले भटजी, अशी ती सबंध गावातून वाजतगाजत गेली.